नागीण नव्हती ती

आमच्या घरात कन्यादानाला बसणाऱ्या पुरुषानं अंगात शिवलेलं कापड घालायचं नाही, अशी रीत आहे. पितांबर नेसायचा, खांद्यावर उपरणं टाकायचं, बस. बाकी अंग उघडं. लग्न होऊन मी साताऱ्याला आले तेव्हापासून ही रीत मला ठाऊक होती. मग पुतणीच्या लग्नाच्या आदल्याच आठवड्यात ह्यांच्या पाठीवर मेणबत्ती धरताना ती माझ्या ध्यानात का आली नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

पाठीवर मेणबत्ती म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. नीट सगळं सांगते, नाहीतर तुम्ही काहीतरी भलतंच समजाल. तसं जे होतं तेही भलतंच होतं म्हणा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचे हे साताऱ्याला एका कचेरीत कारकून. दिवसभर खुर्चीत बसून बसून कंबर धरली. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या झाल्या, पट्टा झाला. शेवटी कुणीतरी सांगलीच्या बाजूचं एक निसर्गोपचार केंद्र सुचवलं. मुलगी सासरी गेलेली, मुलगा पुण्याला नोकरीला, घरात आम्ही दोघंच. मीही सोबतीला गेले. तिथे सोबतीला आलेल्यांनाही सोडत नसत. डोळ्यांवर गार मातीची पट्टी ठेवायची, अंगाभोवती ओली चादर गुंडाळायची, मग पाठीवर एकदा गरम फडका, एकदा बर्फाचा. काय येणार ते दिसत नाही, कधी येणार ते कळत नाही. पाठीला कान फुटल्यासारखं व्हायचं बघा. नुसतं कुणी जवळून गेलं तरी अंगावर काटा.

शेजारच्या खाटेवर सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची बायको होती. माझ्याहून थोडी लहान, गोरीपान, तोंडानं फटकळ. मी तिला वहिनी म्हणू लागले, ती मला वहिनी. एकदा माती डोळ्यांवर असतानाच तिनं मला विचारलं, तुम्ही हसताय का. मी म्हटलं, गुदगुल्या होतायत. तर म्हणते, "गुदगुल्या नाहीत त्या वहिनी. आवडतंय म्हणा की सरळ."

माती होती म्हणून बरं, नाहीतर तोंड कुठे लपवलं असतं.

पुरुषांच्या बाजूला आमच्या ह्यांची आणि तिच्या नवऱ्याची गट्टी जमली होती. चौघं संध्याकाळी कडुलिंबाखाली बसायचो. ती मंडळी सूर्य बुडायच्या आत जेवणारी, त्यामुळे जेवण लवकर आणि गप्पांना वेळ भरपूर. एकदा त्या शेठजींनी अगदी भाव सांगावा तसं सांगून टाकलं, की हे त्यांच्याकडे घरी चालतं. आजारपणासाठी नव्हे, मजेसाठी. नवराबायकोनं एकमेकांचे डोळे बांधायचे आणि अंगाला काय काय लावून बघायचं. गार, गरम, मऊ, खरखरीत. व्यापाराला मुंबईला जायचे तेव्हा कुठल्या हॉटेलात त्यांनी एक परदेशी मासिक चाळलं होतं, त्यात होतं म्हणे. तिकडे याची मंडळं असतात. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले. आमच्या ह्यांनी मात्र, ज्यांनी जन्मात कुणाला चार प्रश्न विचारले नाहीत, त्यांनी दहा प्रश्न विचारले.

मग काय, सुरू झालं. साताऱ्याला आमच्या घरी, दुपारी, पुढचं दार लावून. मोरपीस आणलं ह्यांनी. कापसाचा बोळा, माठाखालचा गार तांब्या, भांडी घासायचा काथ्या. माझ्या मनात एकदा काय आलं, करंजीच्या कडा कापायचं कातणं असतं ना, दात्यांचं चाक, ते घेतलं आणि हलक्या हातानं ह्यांच्या पाठीवरून फिरवलं. संसाराला तीस वर्षं होत आलेली, पण हा माणूस असा खुदुखुदू हसतो हे मला माहीत नव्हतं. मीही डोळे बांधून पालथी पडायचे. मला बर्फ आवडायचा. हे लिहितानासुद्धा कान तापलेत माझे, ऐंशीला टेकले तरी.

पुढे मुलाचं लग्न झालं, दिवाळीत सून करंज्या करायला बसली तर कातणं सापडेना. ते सापडलं कपड्यांच्या कपाटात, ह्यांच्या बनियनांखाली. तिनं काही विचारलं नाही. तिनं न विचारलेलंच मला फार लागलं.

महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी सांगलीला जायचो. सकाळची एसटी. शेठजींच्या घराला खाली गोदाम, वर राहणं. त्या घरात पाणी प्यालं तरी हळदीचा वास यायचा. आणखी दोन जोडपी येत. एक मिरजेचं, दोघंही दवाखान्यात कामाला. दुसरं जोडपंही मिरजेचंच, तो तंबोरे करायचा आणि त्याची बायको कधी एक शब्द बोलायची नाही, नुसती पदरात हसायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलेलं, भिशी आहे. ज्यानं त्यानं आपापल्याच माणसाला हात लावायचा, हा पहिला नेम. कुणी उघडंवाघडं नसायचं, पाठ, पाय, हात एवढंच. एक जोडी चटईवर, बाकीचे भिंतीला टेकून सरबत पीत बघणार आणि सल्ले देणार. तुम्हाला सांगते, उन्हाळ्यात बायका पापड लाटायला जमतात आणि एकमेकींच्या हाताकडे बघत बोलतात ना, अगदी तसंच. लय घाई करताय. जरा थांबून. अहो, मोरपिसाचं दुसरं टोक वापरा की.

वहिनींचा दुसरा नेम होता, आणि तो त्या दर वेळी बजावून सांगायच्या. पंगतीत वाढतो तसं इथे चालायचं नाही. इथे पहिल्या 'नको'ला हात मागे. सगळे हसायचे. मीही हसायचे.

परतीच्या एसटीत मात्र मला कुणाकडे बघवायचं नाही. समोरच्या बाकावर एखादी म्हातारी तुळशीची माळ घालून बसलेली असली की वाटायचं, हिला सगळं दिसतंय. खंडाळ्याकडे देवाला गेले तर गाभाऱ्यात आत जायचे नाही, बाहेरूनच हात जोडायचे. हे म्हणायचे, आपण कुणाचं वाईट केलंय का? मी म्हणायचे, नाही. मग? मग काही नाही. लाज काय विचारून येते का.

आता लग्नाचं सांगते. ह्यांचे थोरले बंधू लोणंदच्या अलीकडे आमच्या गावी शेती बघायचे. त्यांनी स्वतः शाळा सोडली आणि धाकट्याला शिकवलं. ते गेले तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात ह्यांचा हात धरून म्हणाले होते, पोरीला तूच उजव. एवढंच म्हणाले. तेव्हापासून ह्या माणसाच्या डोक्यात ते एक कन्यादान बसलेलं. माझ्या जाऊबाई, म्हणजे पोरीची आई, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, त्या विधवा, त्यामुळे त्यांना पाटावर बसता येणार नव्हतं. बसणार आम्ही दोघं. आणि आम्ही बसलो नाही तर बसणार ह्यांचा चुलतभाऊ, ज्यानं विहिरीच्या पाण्यावरून थोरल्यांना हयातभर छळलं, त्यांच्या अंत्ययात्रेतही जो बांधाकडे बघत चालला होता. तो बसला असता तर आक्कांना ते मरणापेक्षा वाईट झालं असतं, आणि ह्यांनाही.

लग्नाची हळद सांगलीहूनच आणायची, हे ठरलेलं. घरचा व्यापारी असताना बाजारात कशाला जा. हळद घ्यायला म्हणून आम्ही गेलो तो नेमका रविवार. मंडळी जमलेली. वहिनी म्हणाल्या, आता आलाच आहात, दमलेले दिसताय, बसा.

मेणाचा खेळ त्यांच्याकडेच शिकलो होतो. लाइट गेल्यावर लावतो ती साधी पांढरी मेणबत्ती घ्यायची, आधी आपल्या मनगटावर थेंब पाडून बघायचा, मग वर, चांगली हातभर उंच धरून एक एक थेंब. त्या उन्हाळ्यात वीज सारखी जायची, पांढऱ्या मेणबत्त्या संपल्या होत्या. वहिनी आत स्वयंपाकात. मी शोकेसमधली एक जाड पिवळी, वासाची मेणबत्ती उचलली; तिचं मेण जास्त तापतं हे मला ठाऊक नव्हतं. मनगटावर पाडून बघायचं राहिलं. हे डोळे बांधून पालथे. मी मणक्यापासून सुरुवात केली आणि बरगडीच्या कडेकडेनं रेघ ओढत गेले, रांगोळीचे ठिपके काढावेत तसे.

हे म्हणाले, "हं, बास."

मी म्हटलं, एवढा एक.

"नको गं."

आता आम्ही कशा वाढलो ते तुम्हाला माहीत आहे. लग्नकार्यात जिलबीचं ताट घेऊन मी जन्मभर फिरले. पानावर आडवे हात धरले तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडणारी माणसं आम्ही. पहिल्या 'नको'ला पुढे सरकली तर ती वाढपीण कसली, पाहुणा म्हणायचा मन नव्हतं हिचं. ती सवय हातात होती. मी म्हटलं, आता शेवटचा, आणि ओळ पुरी केली. मेणबत्तीही कधी खाली आली होती कळलं नाही. ह्यांनी अंग आक्रसून घेतलं. मेण काढायला गेले तर खालची कातडी लाल, ओली.

वहिनी बाहेर आल्या, गार पाणी ओतलं, मेणबत्ती हातात घेऊन बघितली. आवाज चढवला नाही त्यांनी. विचारलं, "वहिनी, किती वेळा नको म्हणाले ते?"

मी ओला फडका उचलला. हेच म्हणाले, मी जोरात म्हटलं नाही, तिची चूक नाही. ते ऐकून मला तिथे बसवेना. दवाखान्यातल्या जोडप्यानं मलम लावलं, म्हणाले, उघडं ठेवा, पुळ्या येतील, फोडू नका. तंबोरेवाल्याची बायको त्या दिवशी हसली नाही.

कराड मागे पडलं तेव्हा एसटीत हे हळूच म्हणाले, "अगं, कन्यादान."

हळदीचं पोतडं माझ्या मांडीवर होतं. मी ते नुसतं घट्ट धरलं.

गावी लग्नाच्या दोन दिवस आधी पोचलो. मे महिना, पत्र्याखाली स्वयंपाक चाललेला, सगळे पुरुष उघडे नाहीतर बनियनवर, आणि हे तेवढे सदरा घालून. आल्या दिवशी कसंतरी निभावलं. दुसऱ्या दिवशी ह्यांची आत्या, नव्वदीची, कमरेत वाकलेली, पण घरात शेवटचा शब्द तिचा, ती तेलाची वाटी घेऊन थेट न्हाणीत शिरली. भाच्याला कार्याआधी तेल लावायचा तिचा हक्क होता. मी बाहेर धुणं पिळत होते. आतून आवाज आला, फार मोठा नाही.

"आगं बाई. ह्याला नागीण उठलीया."

तुम्ही कधी नागीण बघितली असेल तर कळेल. बरगडीच्या कडेनं एका अंगाला पुळ्यांची माळ येते ती. मी काढलेली ओळ हुबेहूब तशीच. मणक्यापासून निघून काखेकडे वळलेली.

मी पदर सावरत गेले, म्हटलं, आत्याबाई, भाजलंय ते. आत्याबाई म्हणाल्या, भाजल्यालं आसं रांगंनं येतं व्हय? झाकू नगंस, झाकल्याली नागीण वर चढती. आणि झालं. घटकेभरात घरभर झालं. कुणी गेरू उगाळून आणला. एकीनं दोरा आणून माळ मोजली, कारण तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो असं म्हणतात. एक भाचा मोटारसायकलवर फलटणकडे गेला आणि पाला देणाऱ्या कुणा म्हाताऱ्याला मागे बसवून घेऊन आला. त्यानं तोंडानं पुटपुटत पुळ्यांभोवती गेरूचं कडं काढलं. हे बिचारे स्टुलावर बसलेले, गुडघ्यावर हात ठेवून, शाळेत लस टोचून घेणाऱ्या पोरासारखे. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि सांगून टाकलं, माझं लेकरू बरं होईस्तोवर मी मीठ सोडलं. दुपारी त्या अळणी भात जेवल्या. मी अर्ध्या पानावरून उठले. कुणी शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. पण नव्वदीची बाई माझ्या मेणबत्तीपायी अळणी जेवत होती.

संध्याकाळी देवकाची तयारी काढली तेव्हा आत्याबाईंनी निकाल दिला. नागीण उठलेल्यानं देवकाला शिवायचं नाही, पोरीचा हात हातात घ्यायचा नाही. चुलता दुसरा हाय की. चुलतभाऊ तिथेच खाटेवर बसला होता. तो फार साधेपणानं म्हणाला, माझं काय, मी बसतो, घरचंच कार्य आहे. त्याची बायको तोवर ट्रंकेतून शालू काढायला गेलीसुद्धा.

हे उठून गोठ्यामागे गेले. मी मागे गेले. भिंतीला हात लावून उभे होते. म्हणाले, मी आक्काला खरं सांगतो. म्हटलं, सांगा. ते दोन पावलं गेले आणि परत आले. भावजयीसमोर हा माणूस कधी पाय पसरून बसला नव्हता, तो हे काय सांगणार. मग मीच गेले.

आक्का कोठीच्या खोलीत रुखवत भरत बसल्या होत्या. तोंड सुकलेलं. म्हणाल्या, "बस. कसं हाय भावजींचं?"

"आक्का, ती नागीण न्हाई. भाजलंय. मेणबत्तीनं."

"लाइट गेल्यावर पडली व्हय अंगावर?"

इथे मला हो म्हणून सुटता आलं असतं. मी तोंडही उघडलं होतं. पण आक्कांनी माझ्याकडे वर बघितलं. "खरं सांग. आत्याबाईंच्या म्होरं मला हुबं ऱ्हायचं हाय. उंद्या माझी पोर त्येंच्याशेजारी बसनार."

मी म्हटलं, "मी टाकलं. मुद्दाम."

"भांडान झालं?"

"न्हाई. त्यांना आवडतं. मला बी."

हे मी जमिनीला सांगितलं. शेणानं सारवलेल्या जमिनीत बोटांचे अर्धगोल उठलेले असतात, ते बघत सांगितलं. आक्का म्हणाल्या, आवडतं म्हंजी? मग मला ते सगळं सांगावं लागलं. डोळे बांधणं, बर्फ, मोरपीस. शब्द सापडत नव्हते, आणि सापडला की तो तोंडातून निघत नव्हता. असला विषय आमच्या बोलण्यातला नव्हे हो. बाळंतपणाचं आम्ही मोकळं बोलतो, विटाळाचं बोलतो, पण अंगाला बरं वाटतं हे कधी कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आसं कोन करतं?" आक्का म्हणाल्या.

"आनिक हायेत. सांगलीला जातो आमी."

"तुमी सांगलीला हळद आनाय जाता."

"हळद बी आनतो."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय झालं मला कळलं नाही, खोलीत उजेड कमी होता. मग त्यांनी विचारलं, "आन् ह्ये दुखलं न्हाई त्येंना?"

"या वेळी दुखलं. नको म्हनत हुते. मी ऐकलं न्हाई."

"मग ह्ये मातर वंगाळ केलंस."

एवढं सगळं ऐकून त्यांनी नेमकं तेवढंच उचललं. बाकी कशाबद्दल एक अक्षर काढलं नाही. हातातली करंजी परातीत ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि बाहेर गेल्या. मी उंबऱ्याच्या आतच राहिले.

अंगणात सगळे होते. आक्का आत्याबाईंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ती नागीण न्हाई. माझ्या हातनं तेल उडालं. काल रातच्याला बुंदी पाडताना झारा झटकला, भावजी सदरा काढून पाटमोरं बसलं हुतं. मला सांगायला लाज वाटली, म्हनून त्ये बी गप बसलं.

झारा झटकला की तेल रांगेनंच उडतं. कुणाच्याही घरात हे माहीत आहे. त्यांना हे इतक्यात कसं सुचलं कोण जाणे. आत्याबाई अशा बोलल्या की अंगणातल्या पोरीबाळी आत पळाल्या.

"मान्साच्या अंगावर झारा झटकत्यात व्हय? नवरा गेला, त्येच्यासंगं डोळं बी गेलं का तुजं?"

आक्का म्हणाल्या, व्हय, चुकलं. आत्याबाई बराच वेळ बोलत राहिल्या. रांडावलेल्या बाईनं कार्यात कढईजवळ जाऊच नये, तिच्या हाताला यश नसतं, हेही म्हणाल्या. हे गोठ्याकडून तरातरा आले, काहीतरी बोलणार होते. आक्कांनी मान थोडी हलवली आणि ते जागच्या जागी थांबले. आणि मी दाराआड. माझ्या हातात तेव्हा काय होतं आठवत नाही, पण ते मी खाली ठेवलं नाही आणि बाहेरही आले नाही.

तेलाचं भाजलेलं असेल तर हरकत नाही, असं ठरलं. आत्याबाईंनी रात्रीच्या जेवणाला मीठ मागून घेतलं. चुलतभावाची बायको शालूची घडी परत घालत होती, ती मी बघितली.

दुसऱ्या दिवशी हे पाटावर बसले. पितांबर आणि उपरणं. उपरणं सारखं घसरायचं, आणि गेरूचं ते कडं धुऊनही पुरतं गेलेलं नव्हतं, त्यामुळे ओळ जास्तच उठून दिसत होती. मी उजव्या अंगाला, ह्यांच्या हाताला हात लावून. मागे बायका बसलेल्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. भावजयीनं भाजलं म्हनं. आगं, कार्य त्येंच्या घरचं आन् बघ की काय करून ठेवलं. ह्यांच्या ओंजळीतून पोरीच्या हातावर पाणी सोडायची वेळ आली तेव्हा भटजींनी ह्यांच्या हातांना खालून आधार दिला. आक्का लांब माजघराच्या दारात उभ्या होत्या, पुढे यायची त्यांना मुभा नव्हती. पाणी सोडून झाल्यावर ह्यांनी मान वळवून तिकडे बघितलं. मी बघू शकले नाही.

सांगलीला आम्ही पुढेही गेलो. वहिनींनी मला बरेच रविवार नुसतं भिंतीला टेकवून बसवलं, सरबताचा पेला हातात देऊन, आणि मी बसले. पण आक्कांच्या मागचं ते काही सुटलं नाही. भावकीत कुणाचं कार्य निघालं की कोणीतरी म्हणायचंच, आक्का, तुमी कढईपासनं लांब बसा बरं का, आमच्या पावन्यास्नी घरी जायचं हाय. सगळे हसायचे. आक्काही हसायच्या आणि खरंच लांब बसायच्या. त्यांच्या हातच्या बुंदीसारखी बुंदी पंचक्रोशीत कुणाची होत नव्हती. एकदा मी त्यांना म्हटलं, मी सांगून टाकते सगळ्यांना. त्या म्हणाल्या, काय सांगशील? कुटल्या तोंडानं? आणि खरंच होतं ते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आक्का फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. पोर सासरी गेलेली, डोळे सुजलेले. हे पिशव्या घेऊन जरा पुढे उभे राहिले, मुद्दामच. बाभळीच्या सावलीत आम्ही दोघी. आक्का लांबून येणाऱ्या धुरळ्याकडे बघत होत्या, एसटी आहे का ट्रक, ते ओळखत.

मग तिकडेच बघत म्हणाल्या, "येक इचारू? त्येंना पयल्यांदा सांगितलंस कसं? मला ह्ये बरं वाटतं, ह्ये न्हाई, आसं?"

मी पदराच्या टोकानं चेहऱ्यावरची धूळ पुसली.

"मला कवा जमलं न्हाई," आक्का म्हणाल्या. "चांगलं हुतं गं त्ये. पर मला कुटली भाजी आवडती ती बी त्येंना ठावं नव्हती. मी सांगितलीच न्हाई कवा."

एसटी होती. कंडक्टरनं दार उघडलं, हे पिशव्या घेऊन चढले. मी आक्कांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी माझा दंड धरून मला वर उठवलं आणि पायरीकडे ढकललं, उशीर करू नगंस म्हणाल्या. काचेतून बघितलं तर त्या परत निघालेल्या, पदर डोक्यावर ओढून, चपला हातात घेऊन, कारण फाट्यावरची वाट नुकतीच खडी टाकून केलेली होती आणि चपला तिच्यावर झिजल्या असत्या.

हे खिडकीपाशी बसले होते. साताऱ्याला उतरेपर्यंत त्यांनी बाकाला पाठ टेकली नाही, आणि मी त्यांना काय बोलणं झालं ते सांगितलं नाही.